शंभराचं तिकीट, एकशेचाळीसचा खर्च: रेसच्या पैशातून कुठे किती कापलं जातं, ते कसं मोजायचं

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर येणारा माणूस रेसबुक उघडून घोड्याचं वजन, ड्रॉ, जॉकी, सकाळचं ट्रॅकवर्क सगळं बघतो. आपल्या पैशातून कोण किती काढून घेतो, हे मात्र सहसा बघत नाही. आज हिशोबाची सगळ्यात मोठी बाब तीच आहे. चांगला घोडा ओळखूनही लोक हंगामाअखेर खाली का असतात, याचं उत्तर बऱ्याचदा घोड्यात नसून कापाकापीत असतं.

पैसा चार ठिकाणी कापला जातो. तिकीट घेताना जीएसटी, पूलमधून (सगळ्यांनी लावलेल्या पैशांच्या जमेतून) रेस क्लबचा वाटा किंवा बुकीच्या भावात दडलेला नफा, पैसे हातात येताना टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर), आणि वर्षाअखेर आयकर. पहिल्या दोन कपाती प्रत्येक तिकिटावर बसतात, हरलेल्यावरही. उरलेल्या दोन फक्त जिंकलेल्यावर बसतात आणि हरलेल्याची दखल घेत नाहीत. हा फरक पक्का लक्षात ठेवला की पुढचं गणित सोपं आहे.

जीएसटी: आधी तिकीट वाचा

१ जुलै २०१७ पासून घोड्यांच्या शर्यतीवरच्या बेटिंगला २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दरापेक्षा महत्त्वाचं आहे ते तो कशावर लागतो हे. सीजीएसटी नियम ३१ए नुसार कर क्लबच्या कमिशनवर लागत नाही, तर बेटच्या पूर्ण दर्शनी किमतीवर, म्हणजे टोटमध्ये (क्लब चालवतो त्या सामाईक बेटिंगमध्ये) भरलेल्या सगळ्या रकमेवर लागतो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी जून २०२१ मध्ये याविरुद्ध निकाल दिला होता, की क्लबची कमाई कमिशनची आहे, तर कर त्यावरच हवा. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातच दुरुस्ती होऊन रेस, कॅसिनो, लॉटरी आणि ऑनलाइन पैशांचे खेळ एका यादीत बसवले गेले. तर्क न्यायालयाचा बरा होता, पण खिसा कायद्याप्रमाणेच रिकामा होतो.

खिडकीवर पहिलं काम: तिकिटावर दर्शनी किंमत आणि कर वेगवेगळे छापलेत का, ते बघा. महाराष्ट्रात कर केंद्राचा २० आणि राज्याचा २० असा विभागलेला असतो. १०० च्या तिकिटाला १४० द्यावे लागले तर कर वरून लावला आहे. १०० च दिले आणि कर आत धरला असेल, तर खरी बेट ७१ रुपये ४३ पैशांची आणि कर २८ रुपये ५७ पैसे. अशा वेळी डिव्हिडंड (जिंकलेल्या तिकिटावर परत मिळणारी रक्कम) १०० वर मिळतो की ७१.४३ वर, हे विचारून घ्या. पुढची सगळी उदाहरणं कर वरून लावला असं धरून आहेत.

आता सगळ्यात उपयोगी आकडा. आपल्याकडे टोटचा डिव्हिडंड १० रुपयांच्या युनिटवर जाहीर होतो. तुमचा खर्च युनिटला १४ रुपये. म्हणजे डिव्हिडंड १४ लागला तर तुम्ही बरोबरीत, त्याखाली लागला तर घोडा जिंकूनही तुम्ही हरलात. २८ टक्क्यांच्या काळात ही रेषा १२ रुपये ८० पैशांवर होती. फेव्हरिटवर (ज्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलाय त्या घोड्यावर) प्लेस, म्हणजे घोडा पहिल्या काही क्रमांकांत येईल अशी बेट, लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. प्लेसचे डिव्हिडंड ११, १२, १३ असे लागणं नेहमीचं आहे. शंभराचं प्लेस लावलं, घोडा आरामात दुसरा आला, हातात १२० पडले आणि गेले होते १४०. ‘सेफ’ म्हणून ओळखला जाणारा हा खेळ आता सरळ तोट्याचा आहे. भरवशाच्या फेव्हरिटवर प्लेस लावायची सवय असेल तर ती सोडणं ही या लेखातली सगळ्यात स्वस्त सुधारणा.

बुकीकडेही तेच. २/१ चा भाव म्हणजे १ रुपयाला २ रुपये नफा, सम भाव म्हणजे १ ला १. खरा भाव काढायला एक सूत्र पुरतं: सांगितलेल्या भावात १ मिळवा, १.४ ने भागा, १ वजा करा. सम भावाचा घोडा प्रत्यक्षात ०.४३ ला पडतो. २/१ चा १.१४ ला. ५/१ चा ३.२९ ला, १०/१ चा ६.८६ ला. २/५ चा भाव म्हणजे शून्य. त्याहून कमी भावाचा घोडा कितीही पक्का वाटला तरी त्याला हात लावण्यात अर्थ नाही.

क्लबचा वाटा आणि पैशांचं गळणं

टोटमध्ये तुम्ही क्लबविरुद्ध नाही, इतर खेळणाऱ्यांविरुद्ध खेळता. जमा पूलमधून क्लब ठरावीक टक्के काढून घेतो आणि उरलेला पैसा जिंकणाऱ्या तिकिटांत वाटतो. टक्के पूलनुसार बदलतात. विन (घोडा पहिला येईल ही बेट) आणि प्लेसला सर्वसाधारणपणे कमी, तर क्विनेला, टनाला, ट्रेबल, जॅकपॉट अशा जोडणीच्या (एकाहून जास्त घोडे बरोबर सांगायच्या) बेटांना जास्त. तुमच्या क्लबचे चालू आकडे टोटच्या नियमांत मिळतात. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. इथे समजण्यासाठी २० टक्के धरू.

विन पूल १० लाखांचा. क्लबचे २ लाख गेले, ८ लाख वाटायचे. तुमच्या घोड्यावर अडीच लाख, म्हणजे पूलच्या २५ टक्के, लागलेत. डिव्हिडंड ३२. काहीही कापलं नसतं तर तो ४० झाला असता. आता त्याच १० लाखांच्या तिकिटांसाठी लोकांच्या खिशातून मुळात १४ लाख गेलेत, ते विसरू नका. गेले १४, परत आले ८. म्हणजे शंभरातले सत्तावन्न. २८ टक्के जीएसटी असताना ६२ रुपये ५० पैसे परत येत, जीएसटीच नसता तर ८०.

यातून तुम्हाला किती हुशार असावं लागेल, तेही निघतं. १.४ ला (१ वजा क्लबचा वाटा) ने भागा. २० टक्क्यांना उत्तर येतं १.७५. लोकांच्या मते ज्या घोड्याची शक्यता २५ टक्के आहे, त्याची खरी शक्यता ४३.७५ टक्के असेल तेव्हा तुम्ही फक्त बरोबरीत येता. वाटा २५ टक्के असेल तर हा गुणक १.८७. पब्लिकपेक्षा थोडं जास्त कळणं आता पुरत नाही. पब्लिक जवळपास निम्म्याने चुकलेलं असेल अशाच रेसला हात घालायचा. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की दिवसाच्या आठ-नऊ रेसेसपैकी बहुतेक सोडून द्यायच्या.

आणखी एक छोटी गळती: डिव्हिडंड पूर्ण रुपयांत जाहीर होतो, वरचे पैसे सुटतात. ३२.७४ चा ३२ झाला तर फार बिघडत नाही. १२.९० चा १२ झाला तर सात टक्के गेले. म्हणजे इथेही मार लहान डिव्हिडंडलाच, फेव्हरिटलाच.

पूल लहान असेल तर तुमचाच पैसा तुमच्या अंगावर येतो. आडवारी, बाहेरच्या केंद्राच्या रेसवर, टनालासारख्या पूलमध्ये हे हमखास घडतं. २०,००० च्या पूलमध्ये तुमच्या घोड्यावर २,००० आहेत, बोर्डावर डिव्हिडंड ८० दिसतोय. तुम्ही १,००० लावलेत की तो ५६ वर येतो. म्हणून बोर्ड बघून हरखू नका, आधी पूलचा आकार बघा. तुमची बेट त्या घोड्यावरच्या एकूण रकमेच्या पाच-सात टक्क्यांपुढे गेली की डिव्हिडंड स्वतःच पाडताय असं समजा.

जॅकपॉटचं (ठरलेल्या अनेक रेसेसचे विजेते एकत्र सांगायच्या बेटचं) गणित उलटंही फिरू शकतं, म्हणून तो वेगळा बघावा लागतो. आपल्याकडे साधारणपणे पूलचा ७० टक्के भाग सगळे घोडे बरोबर आणणाऱ्याला आणि ३० टक्के त्याखालच्याला जातो. कोणी लागलं नाही तर रक्कम पुढे ढकलली जाते. या पुढे आलेल्या रकमेवर जीएसटी आणि क्लबचा वाटा दोन्ही आधीच कोणीतरी भरलेले असतात. समजा नवा पूल ६ लाखांचा, वाटा २५ टक्के. एरवी खिशातून ८ लाख ४० हजार जाऊन साडेचार लाख परत येतात, म्हणजे ५४ टक्क्यांच्या आत. मागचे ३ लाख जमा असतील तर साडेसात लाख वाटले जातात आणि परतावा ८९ टक्क्यांवर जातो. जॅकपॉट खेळायचाच असेल तर कॅरी-ओव्हरच्या (मागची रक्कम पुढे आलेल्या) दिवशी. फक्त कार्ड भरताना फुगवू नका. पाच रेसेससाठी दोन, तीन, एक, चार, दोन असे घोडे घेतले की ४८ जोड्या होतात. १० च्या युनिटने ४८० रुपये, करासह ६७२. आणि ही मोठी रक्कम लागली की पुढची कात्री तयारच असते, ती खाली येते.

बुकीचा नफा आणि बाहेर पडलेला घोडा

परवानाधारक बुकीच्या बोर्डावरचा नफा काढायला प्रत्येक भावाचा टक्का करा: उजवा आकडा भागिले दोन्ही आकड्यांची बेरीज. सहा घोड्यांची रेस, भाव ६/४, २/१, ४/१, ६/१, ९/१, १९/१. टक्के ४०, ३३.३, २०, १४.३, १०, ५. बेरीज १२२.६. शंभरच्या वरचे २२.६ भागिले १२२.६, म्हणजे लावलेल्या शंभरातले सुमारे १८ रुपये बुकीचे. बेरीज ११५ च्या आत असेल तर बोर्ड बरा. १३० च्या पुढे असेल तर टोटकडे वळा. रेस सुरू होण्याआधीच्या काही मिनिटांत भाव हलतात, म्हणून बेरीज एकदाच करून उपयोग नाही.

घोडा शेवटच्या क्षणी बाहेर पडला तर टोटमधले त्याचे विनचे पैसे परत मिळतात. परतावा घेताना दर्शनी किंमत मिळाली की करासह पूर्ण रक्कम, हे मोजून घ्या. बुकीकडे मात्र उरलेल्या घोड्यांवर आधी घेतलेल्या भावातून कपात होते, कारण बाहेर पडलेल्या घोड्यामुळे तुमचं काम सोपं झालेलं असतं. जितका तो घोडा फेव्हरिट, तितकी कपात मोठी. ब्रिटनमध्ये हा तक्ता फार स्पष्ट आहे: सम भावाचा घोडा निघाला तर नफ्याच्या पौंडामागे ४५ पेन्स, ५/२ चा निघाला तर २५, १०/१ ते १४/१ चा निघाला तर ५, त्यापुढे काहीच नाही. इथला तक्ता क्लबच्या नियमांत असतो. बेट घेण्याआधी तो बुकीकडे मागा, वाद झाल्यावर नाही. डेड हीट झाली (दोन घोडे एकदमच पहिले आले) तर बुकी अर्ध्या रकमेवर पूर्ण भाव देतो. २/१ वर १,००० लावले असतील तर हातात १,५०० येतात, आणि खर्च १,४०० झालेला असतो.

‘बाहेरचा’ बुकी जीएसटी घेत नाही, हे खरं आहे, आणि म्हणूनच कर वाढला की त्याचा धंदा वाढतो. पण रेसकोर्सच्या परवाना असलेल्या आवाराबाहेर असं बेटिंग महाराष्ट्रात जुगारबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय कंत्राट कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच रद्दबातल, त्यामुळे मोठी रक्कम लागल्यावर त्याने हात वर केले तर कोर्टात जाता येत नाही. आणि आयकर त्या पैशांवरही तेवढाच लागतो.

टीडीएस

इथे १९६१ च्या आयकर कायद्याची कलमं दिली आहेत. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा सल्लागाराशी बोलताना क्रमांकापेक्षा विषय सांगा.

कलम १९४बीबी प्रमाणे एका व्यवहारात १०,००० रुपयांच्या वर जिंकलात तर ३० टक्के कापूनच पैसे मिळतात. कापणारा क्लब किंवा परवानाधारक बुकी. ‘एका व्यवहारात’ ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची. त्याआधी वर्षभराची बेरीज धरली जात होती. जॅकपॉटही यातच येतो. १०,००० पर्यंत काही कापलं जात नाही, पण ओलांडलं की पूर्ण रकमेवर कापलं जातं, फक्त वरच्या भागावर नाही. पावतीवर टीडीएस कोणत्या रकमेवर काढला, तिकिटाची मूळ किंमत वजा धरली का, हे जागेवरच तपासा. नंतर दुरुस्ती करून घेणं किचकट.

तिकिटं तोडून छोटी घेतली की टीडीएस टळतो, असं रांगेत हमखास ऐकू येतं. टीडीएस टळेल, आयकर टळत नाही. १०,००० च्या आतली जिंकलेली रक्कमही तेवढीच करपात्र आहे. तिकिटं तोडून फक्त एवढंच साधतं, की कर नंतर स्वतः भरावा लागतो.

पॅन द्यायला का कू करू नका. पॅन नसला तरी दर ३० टक्केच राहतो, पण कापलेला पैसा तुमच्या नावावर जमा होत नाही आणि तोच कर दुसऱ्यांदा भरायची वेळ येते. चौघांनी मिळून जॅकपॉट खेळला असेल तर खिडकीवर जाणाऱ्या एकाच्याच पॅनवर सगळी रक्कम पडते. १९६२ च्या आयकर नियमांतल्या ३७बीए मध्ये यावर वाट आहे: पैसे घेणाऱ्याने क्लबला लेखी द्यायचं, की या उत्पन्नातला इतका भाग अमक्याचा, त्याचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण यासह. क्लब हे कसं आणि कधी स्वीकारतो, ते कार्ड भरण्याआधी विचारा. कोणाचा किती वाटा, याची सह्यांची चिठ्ठी रेस सुरू होण्यापूर्वीची असावी.

२ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. कलम २६९एसटी प्रमाणे दंड घेणाऱ्याला आहे, आणि तो घेतलेल्या रकमेएवढाच. बँकेतच मागा.

वर्षाअखेरचा आयकर

कलम ११५बीबी: रेसमध्ये जिंकलेल्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे असेल तर अधिभार वेगळा. टीडीएसमध्ये उपकर नसतो, आणि इथेच लोक अडकतात. दीड लाख जिंकलात, ४५,००० कापले, १,०५,००० हातात आले. खरा कर ४६,८००. उरलेले १,८०० तुम्हीच भरायचे.

घरात ज्याचं उत्पन्न नाही त्याच्या नावावर पैसे घेऊनही उपयोग नाही. या उत्पन्नाला किमान करमुक्त मर्यादा लागू होत नाही, ८०सी सारख्या वजावटी लागू होत नाहीत, आणि नव्या करप्रणालीतली ८७ए ची सवलतही मिळत नाही. त्यामुळे कापलेला टीडीएस परत मिळेल, ही आशा सोडा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. कर मात्र लॉटरीच्याच पंगतीतला.

सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे तोटा वजा होत नाही. कलम ५८(४) खाली कुठलाही खर्च धरता येत नाही, त्यात हरलेली तिकिटं आली, भरलेला जीएसटीही आला. एक हंगाम घ्या. ५०० ची ६० विन तिकिटं, प्रत्येकी ७०० खर्च, एकूण ४२,०००. प्रत्येक वेळी घोडा वर धरला तसाच, पूलचा २५ टक्के वाटा असलेला. तुमचे १८ लागले, म्हणजे ३० टक्के, पब्लिकपेक्षा चांगले. डिव्हिडंड ३२ प्रमाणे प्रत्येकी १,६००, एकूण २८,८००. तोटा १३,२००. एकही तिकीट १०,००० वर गेलं नाही, म्हणून टीडीएस शून्य. तरी जिंकलेल्या तिकिटांची मूळ किंमत ९,००० बाजूला काढली, तर १९,८०० हे करपात्र उत्पन्न उरतं आणि त्यावर ६,१७८ रुपये कर बसतो. मूळ किंमत बाजूला काढू दिली नाही तर आणखी जास्त.

घोड्याच्या मालकाला यातली थोडी सूट आहे. रेसचे घोडे बाळगण्याचा खर्च त्याच्या त्या उत्पन्नातून वजा होतो, आणि त्यातला तोटा चार वर्षं पुढे नेता येतो, पण फक्त त्याच प्रकारच्या उत्पन्नासमोर. मालकाने लावलेल्या बेटांना ही सूट नाही.

विवरणपत्र भरताना आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्या. धंद्याचं उत्पन्न असेल तर आयटीआर-३. रक्कम ‘इतर स्रोत’ या परिशिष्टात ११५बीबी च्या ओळीत टाका, साध्या व्याजाच्या ओळीत नाही. तिथे टाकलीत तर कर स्लॅबप्रमाणे निघतो आणि मग नोटीस येते. भरण्याआधी २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडच्या तुमच्या टीडीएस आणि उत्पन्नाच्या नोंदी) उघडून क्लबने किती रक्कम दाखवली ते जुळवा, फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) मागून घ्या. छोट्या जिंकलेल्या रकमा तिथे दिसतीलच असं नाही, त्यासाठी तुमची वही लागते: तारीख, रेस क्रमांक, बेटचा प्रकार, दर्शनी किंमत, कर, मिळालेली रक्कम, टीडीएस. थर्मल कागदाची तिकिटं दोन-तीन महिन्यांत पांढरी पडतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

त्याच परिशिष्टात खाली तारखांनुसार विभागणी विचारली जाते: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. ती रिकामी सोडू नका. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. रेसचं उत्पन्न आधी सांगता येत नाही हे कायद्याला मान्य आहे, त्यामुळे जिंकल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत कर भरला तर कलम २३४सी चं (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं) व्याज लागत नाही. पण ही सवलत विभागणी नीट भरली तरच मिळते, कारण तुम्ही कधी जिंकलात हे विभागाला त्यातूनच कळतं. साठी उलटलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना आगाऊ कराची सक्ती नाही, त्यांनी विवरणपत्राबरोबर भरला तरी चालतो. बाकीच्यांसाठी, मुंबईचा हंगाम मार्चमध्येही चालू असतो, तेव्हा १५ मार्चनंतर जिंकलेल्या रकमेचा कर ३१ मार्चच्या आत भरून टाका.